हस्ते परहस्ते

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कर्वेनगर या भागांतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या आता एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. करारावर सह्या झाल्या की घर रिकामं करायची तारीख ठरते, आणि मग वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले माळे उघडले जातात. तांब्याचा बंब, दिवाळी अंकांचे गठ्ठे, पाळण्याच्या कड्या आणि साखळ्या निघतात. काही घरांत त्यांच्या मागे, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, एक काचेची गोल चकती निघते. इंचभर जाड, हाताला चांगलीच जड, एका बाजूनं किंचित खोलगट. त्या बाजूवर कधीकाळी चकाकी होती, आता करडे डाग आहेत. घरातल्या तरुण माणसांना ती कशाची हे सांगता येत नाही. ज्यांना सांगता आलं असतं ते बहुधा राहिलेले नसतात. मग ती भंगारात जाते, किंवा रविवारी जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या नळांच्या तोट्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी येऊन बसते.

तो दुर्बिणीचा मुख्य आरसा असतो. कुणीतरी हातानं घासून केलेला.

पुण्यात असे आरसे बरेच आहेत, आणि त्याला कारण आहे. हौशी खगोलनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था इथं १९४४ मध्ये स्थापन झाली. पुढे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे शहरात लेथवर हात बसलेली, मायक्रोमीटर वाचता येणारी माणसं भरपूर झाली. शिक्षक होते, बँकेतले लोक होते, संध्याकाळ मोकळी असलेले लोक होते. आकाशात काही घडलं की या मंडळींत लाट उठायची. १९८० च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण, १९८६ चा हॅलेचा धूमकेतू, १९९६ चा ह्याकुताके, पाठोपाठ १९९७ चा हेल-बॉप. नंतर पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही आरसे घासण्याच्या कार्यशाळा झाल्या. प्रत्येक लाट ओसरताना काही आरसे दुर्बिणीत बसवून गेली आणि काही माळ्यावर ठेवून गेली. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. आरसा कसा होतो ते मी या मंडळींच्या शेजारी उभं राहून शिकले, आणि माझा पहिला सहा इंची आरसा त्यांच्याच देखरेखीखाली घासला.

काम असं असतं. सारख्या आकाराच्या दोन काचा घ्यायच्या. एक पिंपावर किंवा भक्कम स्टुलावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढेमागे रेटायची, दर काही फेऱ्यांनी ती थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. एवढंच करत राहिलं की वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. पूड जाड असताना आवाज करकरीत येतो. ती दळली गेली की आवाज मऊ पडतो, मग नवी पूड. बोहरी आळीतून पुडी बांधून आणलेली ही पूड जाडीवरून बारकाईवर, आणखी बारकाईवर जाते. शेवटी डांबरासारख्या पिचचा थर ओतून त्याला चर पाडायचे आणि सिरियम ऑक्साइडच्या गुलाबी पाण्यानं पॉलिश करायचं. आठ इंची, अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतराच्या आरशात एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर मध्यभागी पडलेला खड्डा जेमतेम दोन मिलिमीटर खोल असतो. चकती पाहून एवढी मेहनत कुणाला दिसणार नाही, म्हणून ती सांगितली पाहिजे.

पण त्या दोन मिलिमीटरांपर्यंत पोचणं हा सोपा भाग. पृष्ठभाग गोलाचा तुकडा होतो. दुर्बिणीला हवा अन्वस्ताचा तुकडा, पॅराबोला. दोहोंतला फरक मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांचा. आरसा चांगला म्हणायचा तर योग्य आकारापासूनची त्याची चूक सुमारे सत्तर नॅनोमीटरच्या आत राहायला हवी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागात. हे माप घरातल्या बोळात, दाढीच्या पात्यानं घेता येतं. फ्रान्सच्या लिऑन फुकोनं १८५० च्या दशकाच्या शेवटी ही रीत काढली आणि आजही हौशी माणूस तीच वापरतो. आरसा बोळाच्या एका टोकाला उभा करायचा. नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर एक बारीक फट ठेवायची, तिच्यामागे दिवा. आरशावरून परत येणारा प्रकाश जिथं एकवटतो तिथं पातं हळूहळू आडवं सरकवायचं आणि पात्यामागून आरशाकडे पाहायचं. सपाट वाटणाऱ्या काचेवर एकदम डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. अन्वस्ताचा आरसा मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये खळगा आणि भोवती फुगलेलं कडं. काचेला क्षणभर बोट लावून काढलं तर त्या उबेनं तिथं टेंगूळ आलेलं दिसतं आणि काही वेळानं ते विरून जातं. भौतिकशास्त्राच्या वर्गात मी प्रकाशाच्या तरंगलांबीबद्दल पुष्कळ बोलले होते; तिच्या अंशाएवढी उंची डोळ्यांनी पाहिली ती या बोळात.

जुना आरसा विकत घ्यावा की नाही, या प्रश्नाचं उत्तर हा आकार किती टिकतो यात आहे. न्यूटनपासून विल्यम हर्शेलपर्यंत दुर्बिणीचे आरसे धातूचे असत, तांबं आणि कथलाच्या मिश्रणाचे. धातू काळा पडला की पुन्हा पॉलिश करावा लागे, आणि पॉलिश केलं की आकार बिघडे. म्हणजे दर वेळी आरसा जवळजवळ नव्यानं घडवायचा. हर्शेलच्या चाळीस फुटी दुर्बिणीला दोन आरसे होते, एक पॉलिशला गेला की दुसरा बसवायला. काचेवर रासायनिक रीतीनं चांदीचा पातळ थर देता येऊ लागला, आणि या अडचणीतून सुटका झाली. आकार काचेचा, चकाकी चांदीची. चांदी डागाळली तर धुऊन टाका, नवी चढवा. खालची काच जशीच्या तशी. पुढे १९३० च्या दशकात चांदीची जागा निर्वात पात्रात चढवलेल्या अ‍ॅल्युमिनियमनं घेतली. तो थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि पुण्याच्या पावसाळी हवेत काही वर्षांत थकतो. काच थकत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणी चांगला आकार दिला असेल, तर तो आजही तसाच असतो. जुनी मोटार, जुना पंखा, जुनी सायकल यांची किंमत झिजेवरून ठरते. आरशात झिजण्यासारखी वस्तू फक्त वरचा थर, आणि तो बदलता येतो.

माझा आठ इंची आरसा असाच आला. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीतल्या काकूंनी ओळखीतून निरोप धाडला की यजमानांची काच आहे, येऊन बघा. यजमान एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. काकूंनी डबा उघडला. लोकरीच्या जुन्या मफलरमध्ये आरसा, मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेलं: आठ इंच, फोकस अठ्ठेचाळीस, मार्च ८६. हॅलेच्या महिन्यातली तारीख. काकू म्हणाल्या, “धूमकेतू यातनं बघायचा म्हणून रात्र-रात्र घासत होते. मी म्हणायचे, अहो, गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल की.” मग त्यांनी विचारलं, “याचं काही येतं का हो, बाई?”

जुन्या वस्तूच्या बाजारात घेणाऱ्याची एक रीत असते. नाक मुरडायचं, डाग दाखवायचे, दुसरीकडे स्वस्त मिळतं म्हणायचं. भांडी-कपड्यांत ती चालून जाते, कारण विकणाऱ्यालाही वस्तूची किंमत माहीत असते. इथं ज्याला किंमत कळते तो फक्त घेणारा. समोरच्या बाईंना त्यांच्या हातात काय आहे हे माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. अशा व्यवहारात घेणाऱ्यानं आधी तपासावं, तपासात काय निघालं ते विकणाऱ्याला सांगावं आणि मगच दर बोलावा, असं माझं ठाम मत आहे. आरसा डागाळलेला आहे एवढंच सांगून तो पाचशे रुपयांत उचलणं ही फसवणूक आहे. डाग खरे असले तरी ते आरशाचे नसतात, थराचे असतात.

मी काकूंना सांगितलं की काही दिवस आरसा माझ्याकडे राहू द्या, तपासून आकडा सांगते. घरी आणून आधी तो पाण्याच्या धारेखाली धुतला, मग साबणाच्या पाण्यात भिजवला, कापूस दाब न देता नुसता ओढून धूळ काढली, शेवटी डिस्टिल्ड पाणी ओतलं. ट्यूबलाइटसमोर मागच्या बाजूनं धरून पाहिला तर थरातून उजेड सुईच्या टोकांएवढ्या ठिपक्यांनी गळत होता, म्हणजे नवं कोटिंग लागणार. कडेला एक टवका उडालेला, निरुपद्रवी. भिंग लावून कडेकडेनं पाहिलं: जाड पुडीचे खड्डे राहिलेले नव्हते, म्हणजे करणाऱ्यानं प्रत्येक पूड पुरती दळू दिली होती. नंतर बोळात फुकोची चाचणी. आकार सुरेख होता. फक्त अगदी काठाशी, दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीत, पृष्ठभाग खाली झुकलेला. पॉलिशच्या वेळी पिच थोडं जास्त मऊ राहिलं की असं होतं. त्याला उपायही सोपा आहे, काठावर काळ्या कागदाचं कडं बसवायचं. आठ इंचांतून पाव इंच गेलं तरी बाकीचा आरसा स्वच्छ काम करतो.

मग दर. तितक्याच व्यासाचा नवा आरसा केवढ्याला पडेल ते धरलं, त्यातून कोटिंगचा खर्च वजा केला, काठासाठी थोडं वजा केलं. हाताच्या मेहनतीचं काहीच वजा केलं नाही, कारण ती कमी झालेली नव्हती. आकडा ऐकून काकू म्हणाल्या की पैसे नकोत, तुम्ही वापरणार यातच आलं. मी पैसे दिले आणि त्यांना घ्यायला लावले. फुकट मिळालेली वस्तू पुन्हा एखाद्या माळ्यावर चढते, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. ज्यासाठी पैसे मोजले त्याच्यासाठी दुर्बिणीची नळी बनवायची घाई असते. कोटिंग होऊन आल्यावर काकूंना गच्चीवरून त्याच आरशातून शनी दाखवला. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या होत्या आणि नंतर एवढंच म्हणाल्या, “अंगठीसारखं कडं आहे खरं.”

कोटिंगबद्दल एक सूचना, कारण इथं अनेक चांगले आरसे बिघडतात. मोटारीच्या दिव्यांचे रिफ्लेक्टर चकचकीत करणारी यंत्रंही निर्वातात अ‍ॅल्युमिनियमच चढवतात, आणि आपल्याकडे ती आसपास मिळतात. पण त्या कामात खाली आणि वर लॅकरचा थर मारायची पद्धत असते. दिव्याला तो चालतो. आरशावर लॅकर आला की सत्तर नॅनोमीटरचा सगळा हिशेब बुडतो. काम सांगताना हे दोनदा सांगा. आणि कोटिंग टाळूही नका: चांगला थर पडलेला प्रकाश सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के परत पाठवतो. दुर्बिणीत मुख्य आणि छोटा दुय्यम असे आरसे दोन, म्हणून डोळ्याशी सत्त्याहत्तर टक्के पोचतो. दोन्ही थर सत्तर टक्क्यांवर घसरले तर निम्माही पोचत नाही.

जुन्या आरशांची सर्वांत मोठी हकीकत पुण्याशी जोडलेली आहे, आणि ती पुण्यात फारशी सांगितली जात नाही. लंडनजवळ ईलिंगला अँड्र्यू एन्स्ली कॉमन नावाचे अभियंते राहत. सांडपाण्याच्या व्यवस्थेचं काम हा त्यांचा पेशा, खगोलशास्त्र ही हौस. जॉर्ज कॅल्व्हर यांनी घडवलेला छत्तीस इंची आरसा त्यांनी आपल्या बागेतल्या दुर्बिणीत बसवला आणि १८८३ मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं असं छायाचित्र घेतलं की डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. त्यासाठी त्यांना १८८४ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. लगेच, १८८५ मध्ये, त्यांनी ती दुर्बीण विकली, कारण त्यांना साठ इंची करायची होती. घेणारे एडवर्ड क्रॉसले, हॅलिफॅक्सचे गालिचे बनवणाऱ्या घराण्यातले. हॅलिफॅक्स गिरण्यांचं गाव. तिथलं हवामान आणि धूर पाहून क्रॉसले यांच्या लवकरच लक्षात आलं की एवढा आरसा इथं वाया जातो आहे. १८९५ मध्ये त्यांनी तो कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला देऊन टाकला. तिथं डोंगरमाथ्यावरच्या कोरड्या, काळ्याभोर आकाशाखाली जेम्स कीलर यांनी १८९८ पासून दोन वर्षं त्यातून तेजोमेघांची छायाचित्रं घेतली. त्यांत सर्पिल आकाराचे फिकट ठिपके इतक्या संख्येनं निघाले की असे लाखाहून अधिक असावेत असा अंदाज त्यांनी बांधला. ते सर्पिल म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या आकाशगंगा आहेत हे पुढे उलगडलं, आणि त्या वाटेवर हा तीन हात फिरलेला आरसा उभा होता.

याच कॉमन यांनी स्वतः घडवलेला वीस इंची आरसा पुण्यात होता. कावसजी दादाभाई नेगमवाला हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीवर त्यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, मुळा-मुठेच्या संगमाजवळ, वेधशाळा उभी केली. १८८८ मध्ये ती सुरू झाली आणि तिला महाराजांचंच नाव दिलं गेलं. दुर्बिणीचा सांगाडा डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातला. अनेक वर्षं ही भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. नेगमवालांनी मृगाच्या तेजोमेघाचा वर्णपट इथून अभ्यासला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याजवळच्या जेऊरला त्यांनी निरीक्षणाचा तळ टाकला आणि त्याचा सविस्तर अहवाल पुढे पुस्तकरूपानं प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली. उपकरणं कोडाईकॅनालला गेली. आरशाची कथा मात्र तिथंच संपली नाही: भावनगर दुर्बीण या नावानं ओळखली जाणारी ही दुर्बीण १९८० च्या दशकात लडाखला, लेहला नेली गेली, हिमालयापलीकडचं आकाश वेधशाळेसाठी कितपत योग्य आहे हे अजमावायला. मुठेच्या काठावरून निघालेली दुर्बीण साडेतीन हजार मीटर उंचीवर जाऊन पुन्हा कामाला लागली.

दोन्ही प्रवासांची दिशा मला फार बोलकी वाटते. हॅलिफॅक्सहून कॅलिफोर्निया, पुण्याहून कोडाईकॅनाल, तिथून लेह. आरसा दर वेळी अधिक अंधाराकडे गेला. आयुकानं स्वतःची दोन मीटरची दुर्बीण बांधली तेव्हा ती विद्यापीठाच्या आवारात ठेवली नाही. २००६ पासून ती शहरापासून दूर, जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आहे. संस्थांना कळलेली ही गोष्ट आपण घरातल्या आरशांना लावत नाही. मी पुण्यात राहायला आले तेव्हा पर्वतीवरून उन्हाळ्यात पहाटे आकाशगंगेचा पट्टा ओळखता येत असे. आज सिंहगडाच्या माथ्यावरूनही उत्तरेचं अर्धं आकाश पांढुरकं दिसतं. महामार्ग, सोसायट्यांची फाटकं, होर्डिंग, प्रत्येक इमारतीच्या डोक्यावर एलईडी. चंद्र, गुरू, शनी शहरातून दिसतात आणि दिसत राहतील. पण आठ इंची आरसा डोळ्याच्या बाहुलीपेक्षा आठशे पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो, तो काही नुसत्या चंद्रासाठी घासलेला नसतो. फिक्या तेजोमेघांसाठी, दूरच्या तारकागुच्छांसाठी तो असतो, आणि त्यांना अंधार लागतो. पुण्यात आज आरसे आहेत, ते करणारे हात आहेत, तपासणारे बोळ आहेत. आकाश नाही. आकाश वेल्ह्याला आहे, भोरला आहे, जुन्नरच्या पश्चिमेला आहे, मराठवाड्याच्या मोकळ्या माळांवर आहे. तिथं आरसे नाहीत.

म्हणून माझा स्वतः घासलेला सहा इंची विकायचा ठरवला तेव्हा मी शहराबाहेरच्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली. शहरातले दोघे-तिघे विचारून गेले, चांगले पैसे द्यायला तयार होते. शेवटी आली वेल्ह्याच्या पुढच्या एका गावातली मुलगी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सोबत वडील. वडिलांनी आरसा दोन्ही हातांनी कडेनं धरला. कसा धरायचा ते मी सांगायच्या आत त्यांनी तो तसाच धरला होता. मग विचारलं, “मॅडम, ह्यात बिघडण्यासारखं काय आहे?” जुनी वस्तू घेताना विचारावा असा याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. मी सांगितलं: वरचा थर, तो काही वर्षांनी बदलावा लागेल. पडला तर फुटेल. फडक्यानं पुसला तर ओरखडे येतील. बाकी काही नाही. मग मुलीला बोळात बसवून फुकोची चाचणी दाखवली. तिनं काचेला बोट लावून उठणारं टेंगूळ पाहिलं आणि वडिलांना हाक मारली, “दादा, इकडं या, तुमचं बोट लावा.”

वडिलांनी भाव केला, नीट, अदबीनं, शेतमालाचा करतात तसा. साडेचार हजार मी म्हटलं होतं, साडेतीनवर ठरलं, दोन हप्त्यांत. पेटी मी दिली: आत खाली-वर लाकडी ठोकळे कडेला टेकतील असे, पृष्ठभागाला काहीही लागणार नाही. स्वारगेटहून एसटीनं जायचं होतं. मुलीनं पेटी मांडीवर घेतली होती. नळी तिनं पीव्हीसीच्या पाइपची केली आणि बैठक प्लायवूडची, जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केली तशी, जिला लोहारकाम लागत नाही, सुताराकडची हत्यारं पुरतात. दुसरा हप्ता वेळेवर आला. उन्हाळ्यात फोन आला की अंगणातून ओमेगा सेंटॉरी दिसला, आणि त्यातले तारे सुटे दिसले. हा तारकागुच्छ आपल्या अक्षांशावरून दक्षिणेला क्षितिजापासून चोवीस अंशांपर्यंतच चढतो. पुण्यात तेवढ्या उंचीवर उजेडाचा पडदा असतो. माझ्या आरशात, माझ्याकडे असताना, तो मला कधी असा दिसला नव्हता.

आरसा गेल्याचं वाईट वाटलं का, असं मला विचारतात. वाटलं. पहिल्या आरशाच्या कडेवरचा प्रत्येक टवका मला पाठ होता. पण हातानं केलेली वस्तू आपल्याजवळच राहावी हा हट्ट मला पटत नाही, विशेषतः आरशाच्या बाबतीत. कॉमन यांनी विकला नसता, क्रॉसले यांनी दिला नसता, तर कॅल्व्हर यांची मेहनत हॅलिफॅक्सच्या धुरात संपली असती.

तेव्हा पुण्यात राहणाऱ्या, घर रिकामं करायला निघालेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. माळ्यावर जड, गोल, खोलगट काच निघाली तर तिचा पृष्ठभाग पुसू नका, बोट लावू नका, कडेनं धरा. मागे काही कोरलं आहे का पाहा. नसेल तर दिवसा खिडकीसमोर, सूर्य समोर नसेल अशा बाजूला, आरसा उभा धरा आणि कागद पुढेमागे करून लांबच्या इमारतीची उलटी प्रतिमा त्यावर घ्या. आरशापासून कागदापर्यंतचं अंतर म्हणजे त्याचं नाभीय अंतर, ते लिहून ठेवा. सूर्याकडे मात्र आरसा कधीही धरू नका, आग लागते आणि डोळे जातात. मग तो ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात दाखवा. दर ठरवण्याआधी तपासून घ्या, आणि घेणाऱ्याला दोष आणि गुण दोन्ही सांगा. कोरलेलं नाव असेल तर ते तसंच राहू द्या. नसेल आणि घासणाऱ्याचं नाव तुम्हांला ठाऊक असेल, तर कागदावर लिहून पेटीत ठेवा. घेणारा गावाकडचा असेल तर पैसे थोडे कमी घ्या.